सड्याखालची वाट

यंत्राने चाळीस मिनिटांत उत्तर दिलं, आणि ते सगळ्यांना हवं होतं तेच निघालं.

हेमांगी शिगवणने आकडे पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत पाहिले. पालखणच्या सड्याच्या, त्या सपाट माथ्याच्या टेकडीच्या, पूर्व अंगाला एक गुहा होती, पश्चिम अंगाला दुसरी. दोन्ही गुहांतून मिळून तिने चौऱ्याऐंशी प्राणी गोळा केले होते. दोन्हीकडचे प्राणी एकाच वंशाचे निघाले. फरक अर्ध्या टक्क्याच्याही आत. म्हणजे हा वंश एका गुहेपुरता नव्हता, आणि निवळखोलच्या बोगद्याला आता कायद्याची हरकत उरली नव्हती.

पाच मिनिटांत दादाचा, संदेशचा, फोन आलाच.

"झालं का गो वाचून?"

"झालं. पण दादा, अजून कागद..."

"हरकत हाय की नाय, तेवढं सांग."

"तशी नाही."

मग संदेश कुणाला तरी मोठ्याने म्हणाला, "नाय हाय हरकत!" आणि फोनमध्ये दहा-बारा माणसांचा गलका एकदम उठला.

निवळखोल हे तिचं माहेर. गावातून तालुक्याचं इस्पितळ सरळ रेषेत पाहिलं तर सड्याच्या पलीकडे, नऊशे मीटरवर. रस्त्याने मात्र खाडीला वळसा घालून एक्केचाळीस किलोमीटर. दोन वर्षांपूर्वी, आषाढात, संदेशच्या बायकोला, स्नेहलवहिनीला, पडवीच्या पायरीवर फुरसं चावलं. रुग्णवाहिका वेळेत आली, वेळेत निघाली, आणि दरड कोसळलेल्या वळणावर तीन तास उभी राहिली. वहिनी वाचली नाही. तेव्हापासून संदेश सरपंच म्हणून दुसरं काहीच करत नव्हता. मुंबईला खेटे, रत्नागिरीला खेटे, नकाशे, ठराव. शेवटी बोगदा मंजूर झाला. तोंडाशी साठ मीटर चाचणीची खोदाईही झाली. आता सोमवारी नारळ फोडून मुख्य खोदाई सुरू व्हायची होती, आणि राहिला होता एकच कागद. तो हेमांगीच्या सहीचा.

हा कागद आठ वर्षांपूर्वी कुणाला ठाऊकही नव्हता. तेव्हा एखाद्या किड्याची जात ठरवायची तर तो दारूत बुडवून दूरच्या तज्ज्ञाकडे धाडावा लागे, आणि तज्ज्ञाच्या उत्तराची वाट पाहण्यात वर्ष जाई. मग जनुकं वाचणारी यंत्रं लहान होत होत जेवणाच्या डब्याएवढी झाली. प्राण्याचा एक पाय पुरेसा. पेशीतल्या रेणूंची अख्खी माळ यंत्र वाचून काढतं आणि ती आधी वाचलेल्या माळांशी ताडून पाहतं. माळेत पिढ्यान्‌पिढ्या बारीक चुका साठत जातात. दोन प्राण्यांच्या माळांत अशा चुकांचा फरक जितका जास्त, तितके त्यांचे पूर्वज एकमेकांपासून आधी दुरावले. या यंत्रांनी पहिल्यांदाच दाखवून दिलं की कोकणातल्या एकेका टेकडीच्या पोटात जगात दुसरीकडे कुठेही नसलेले वंश आहेत. त्यातून कायदा आला. मोठ्या खोदाईआधी वंशगणना करायची; रत्नागिरी जिल्ह्यात हे काम हेमांगीचं. एखादा वंश एकाच गुहेपुरता किंवा कपारीपुरता निघाला, तर ती जागा सोडायची.

पालखणच्या सड्याखाली सापडलेला प्राणी विंचवाचा दूरचा नातेवाईक होता. तांदळाच्या दाण्याएवढा, फिकट तपकिरी, डोळे नसलेला. आठ पायांपैकी पुढचे दोन चालायला वापरत नाही. आंधळा माणूस काठी फिरवतो तसे ते हवेत फिरवत सहा पायांवर चालतो. मराठीत त्याला नाव नव्हतं. हेमांगी त्याला आखूडशेपटी म्हणे. त्याला सतत ओल लागते. कोरड्या हवेत वीस मिनिटांच्या वर तो टिकत नाही, हे तिने स्वतः पाहिलं होतं.

दुपारी डबा उघडून ती तक्त्यासमोर बसली. कागद भरायचा तर शेजारच्या टेकडीचीही तुलना जोडावी लागे. शेजारची टेकडी बावखणची. पालखण आणि बावखण यांच्या मधे एक घळ, जेमतेम दोनशे मीटर रुंद. बावखणच्या आखूडशेपटीत आणि पालखणच्या आखूडशेपटीत अकरा टक्के फरक होता. म्हणजे चाळीस-पन्नास लाख वर्षांचा दुरावा.

तिचा घास हातातच राहिला.

दोनशे मीटरच्या घळीपलीकडे पन्नास लाख वर्षांत एकही प्राणी गेला नव्हता. मग नऊशे मीटर रुंद सड्याच्या या टोकाचे आणि त्या टोकाचे प्राणी इतके सख्खे कसे? काही चुका तर इतक्या ताज्या होत्या की शे-दोनशे पिढ्यांपूर्वीच त्या इकडून तिकडे गेल्या असणार. हे प्राणी उघड्यावरून जात नाहीत. अंधारातून, ओलीतून जातात. म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत अंधारी, ओली वाट होती. सलग.

वर जांभ्याचं कठीण छत, त्याखाली मऊ पांढरी माती, तिच्याखाली काळा कातळ. पाणी मुरतं, मधली मऊ माती धुऊन नेतं, छत तसंच राहतं. टेकडी बाहेरून भरीव दिसते, आत पोकळी असते. आणि बोगदा जाणार होता तो नेमका त्या मधल्या थरातून.

संध्याकाळच्या आत ती बोगद्याच्या तोंडाशी पोचली. तिथे पत्र्याच्या खोलीत ठेकेदार कंपनीचे इंजिनिअर नाईकनवरे बसले होते. माणूस सोलापूरकडचा, पन्नाशीचा, कामाला चोख. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं.

"मॅडम, इथे चार महिने पाऊस असतो. सगळा सडा निथळत असतो. वरूनच चालत गेले असतील."

"मग बावखणवरही गेले असते, साहेब. पावसाळे दोन्हीकडे सारखेच."

नाईकनवऱ्यांनी थोडा विचार केला आणि खिडकीबाहेर बोट दाखवलं. "ती बाग बघा. तशीच बाग पलीकडच्या उतारावर आहे. आंब्याची कलमं एकाच रोपवाटिकेतून आली असणार. पिशवीतल्या मातीतून तुमचे प्राणी दोन्हीकडे गेले. बावखणवर बाग नाही, म्हणून तिथे वेगळे."

मुद्दा बरोबर असू शकत होता.

"आम्ही चार बोअर घेतलेत," ते म्हणाले. "चारही भरीव."

"एवढ्या मोठ्या टेकडीत चार सुया टोचल्यात तुम्ही."

"तुमच्या फॉर्ममध्ये पोकळीचा रकाना आहे का?"

"नाही."

"मग जो रकाना आहे तो भरा. माझ्यावरही वरून दाब आहे. सोमवारी पाहुणे येतायत."

घरी पोचली तेव्हा संदेश खळ्यात बसून हारांची यादी करत होता. तिने सांगायला सुरुवात केली आणि त्याचा चेहरा हळूहळू दगडासारखा होत गेला.

"म्हणजे तू सही नाय देणार."

"मी असं नाही म्हटलं. मला तीन दिवस दे. सड्याच्या मधोमध ती सरकारी बोअर आहे ना, पाणी न लागलेली? तिच्यात मी सापळा सोडते. मधेही तेच प्राणी मिळाले तर कलमांची गोष्ट खोटी ठरेल. मधे नुसता कातळ आहे, तिथे कुणी कलम लावलं नाही."

"आणि नाय मिळाले तर?"

"तर मी चुकले."

"हेमे, तू तिकडं रत्नागिरीत होतीस," संदेश म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं. "मी गाडीत होतो. तीन तास. ती मला विचारत होती, किती लांब राहिलं. आणि मला इस्पितळाचे दिवे दिसत होते समोर, सड्याच्या कडेवर. ह्या गावात पुन्हा कुणाला ते दिसायला नको. आता तू मला किड्यांची वाट सांगतेस."

वहिनीने तिला वेणी घालायला शिकवलं होतं, तिच्या पहिल्या नोकरीच्या वेळी स्वतःचं घड्याळ काढून दिलं होतं. यातलं काही बोलून उपयोग नव्हता.

दुसऱ्या दिवशी गुरुवारी सकाळीच ती सड्यावर गेली. एप्रिलचं ऊन, पायाखाली तापलेला काळपट जांभा. बोअरचं झाकण गंजलं होतं. लोखंडी पाईप फक्त वरचे दहा फूट होता, खाली उघडा दगड. तिने एका भोकाभोकांच्या बाटलीत ओला कापूस आणि गुहेतला कुजका पाला भरला, वर खाणं म्हणून बारीक किडे सोडले, आणि बाटली दोरीने खाली सोडली. एकतीस मीटरवर बाटली थांबली. खाली बोअर ढासळलेली असावी. तिने नकाशा उघडला. त्या जागी बोगद्याचं छत तेहतीस मीटरवर येणार होतं.

शुक्रवारी कार्यालयातून दोन फोन आले, शनिवारी चार. गावात ती दिसली की बायका बोलता बोलता थांबत. तिच्याबद्दल काय बोललं जातंय ते तिला चुलतीकडून कळलं. लोक म्हणत होते की माहेरची पोर म्हणून काम लवकर होईल असं वाटलं होतं, तीच आडवी आली.

रविवारी सकाळी तिने दोरी ओढली. बाटली वर येईपर्यंत तळहात घामाने निसरडे झाले. पाला तिने पांढऱ्या ताटलीत पसरला आणि भिंगातून पान पान उलटून पाहिलं. एक मुंगी. दोन गोमी. बाकी काही नाही. तिने पुन्हा सुरुवातीपासून पाहिलं. मग कापूस पिंजला.

कापसाच्या पदरात ती होती. एकच मादी. पुढचे दोन पाय हवेत फिरवत, ती ताटलीच्या कडेकडे अंधार शोधत निघाली होती.

चाळीस मिनिटं हेमांगी यंत्रासमोरून हलली नाही. बोली जशी गावागावाने थोडी थोडी बदलत जाते, तसंच हे होतं. पूर्वेकडून पश्चिमेकडे छोटे छोटे बदल एकातून एक होत गेले होते, आणि बोअरमधली मादी बरोबर त्यांच्या मधे बसत होती. कलमांच्या मातीतून आलेले असते तर दोन्हीकडे एकाच मूठभर प्राण्यांची नक्कल दिसली असती, आणि मधे कुणी नसतं. इथे मधे कुणीतरी होतं. बोगद्याच्या छतापासून दोन मीटर वर.

तिने नाईकनवऱ्यांना फोन लावला.

"एक प्राणी, मॅडम?" ते म्हणाले. त्यांच्या आवाजात आता थोडी अस्वस्थता होती. "एका प्राण्यावर मी काम थांबवलं तर उद्या माझ्या जागी दुसरा बसेल, आणि तो सुरू करेल. तुमच्याकडे थांबवायचा कायदा असेल तर वापरा. नसेल तर मला सांगू नका."

थांबवायचा कायदा तिच्याकडे होता. फक्त तो खोटं बोलून वापरावा लागणार होता.

समोरच्या पेटीत बावखणच्या प्राण्यांच्या कुप्या होत्या. प्रत्येकीवर एक चिकटपट्टी, तिच्यावर जागेचा क्रमांक. सहा पट्ट्या इकडच्या तिकडे केल्या तर यंत्र पूर्वेच्या गुहेसमोर अकरा टक्के लिहील. स्वतंत्र वंश. बोगदा बंद. उद्या आत कुणी जाणार नाही, कुणी मरणार नाही. आणि निवळखोलला बोगदा कधीच मिळणार नाही, पण ते पुढचं पुढे.

तिने पहिली पट्टी नखाने अर्धी सोडवली.

दादा अपील करेल हे तिला माहीत होतं. दुसरा कुणी तरी येईल, दुसरं यंत्र आणेल, चाळीस मिनिटांत खरं वाचेल. मग हेमांगी शिगवण खोटारडी ठरेल, आणि तिने सांगितलेली पोकळीही खोटी ठरेल. त्या दिवशी माणसं आत जातील आणि त्यांना थांबवायला कुणाच्या शब्दाला किंमत नसेल.

तिने पट्टी पुन्हा अंगठ्याने दाबून बसवली. कागद भरला. हरकत नाही. खाली सही केली. मग दुसरा कोरा कागद घेतला आणि त्यावर पोकळीबद्दल सगळं लिहिलं, आणि खोदाईआधी समोर तीस मीटर लांब भोक पाडून बघावं हेही, कुणी विचारलं नव्हतं तरी.

सोमवारी सात वाजता बोगद्याच्या तोंडावर मांडव उभा होता. खोदाईच्या पहिल्या पाळीची माणसं शिरस्त्राणं घालून उभी होती. बावीस जण, बहुतेक निवळखोलचेच. संदेश पांढऱ्या सदऱ्यात हार बांधत होता. हेमांगी थेट त्याच्यापाशी गेली.

"हा घे कागद. हरकत नाही असं लिहिलंय. ते खरं आहे." तिने दुसरा कागद पुढे केला. "आणि हा घे. हेही खरं आहे. बोअरमध्ये मिळाली, दादा. मधोमध."

संदेशने कागद घेतला, वाचला नाही.

"काल मी खोटं लिहून हे बंद पाडणार होते," ती म्हणाली. "पट्टी अर्धी काढली होती."

त्याने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. "मग का नाय पाडलंस?"

"एकदा खोटं लिहिलं असतं, तर आज जे सांगतेय ते तू ऐकलं नसतंस."

"मी आजपण ऐकणार नाय असं समज."

"मग नको ऐकू. आत कोण कोण जाणार ते मला सांग. नावानं."

संदेश रांगेकडे वळला. ओठ हलू लागले, पण आवाज आला नाही. रमाकांत. भुवडांचे दोघे. तुकारामाचा जावई, ज्याचं लग्न होळीनंतर झालं होतं. नावं मोजता मोजता तो दहाव्या-अकराव्या माणसावर थांबला. हातातला हार त्याने खुर्चीवर ठेवला, दुसरा कागद उघडून वाचला आणि तो नाईकनवऱ्यांकडे चालत गेला.

"साहेब, आधी समोर एक लांब भोक पाडा. तीस मीटर."

"सरपंच, अकराला पाहुणे येतायत!"

"येऊ देत. भोक पडेपर्यंत आमचा एकबी माणूस आत जाणार नाय."

"अहो, तुम्हीच दोन वर्षं माझ्यामागे लागलात..."

"मीच लागलो होतो. म्हणून मीच सांगतोय."

रांगेतून कुणीतरी शिरस्त्राण काढलं. मग दुसऱ्याने. नाईकनवऱ्यांनी घड्याळ पाहिलं, हेमांगीकडे पाहिलं, आणि यंत्र चालवणाऱ्याला हाक मारली.

भोक पाडणारं यंत्र बाहेर बसून चालवता येत होतं. ते साठ मीटर आत जाऊन भिंतीला भिडलं. पडद्यावर मीटर वाढत होते. पाच. दहा. पंधरा. घरघर एकसारखी. अठरा. नाईकनवरे हाताची घडी घालून उभे होते. एकवीसला ते काहीतरी बोलायला वळले, आणि घरघर थांबली.

यंत्र चालूच होतं. त्याला समोर काही लागतच नव्हतं. दांडा एका झटक्यात चार मीटर पुढे गेला. आधी आतून वारा आला, थंड, ओल्या मातीच्या वासाचा. मग गढूळ तांबडं पाणी, मनगटाएवढी धार, आणि बघता बघता मांडीएवढी.

"मागे व्हा!" नाईकनवरे ओरडले. "सगळे मागे! मांडव सोडा!"

दहा मिनिटांनी आतून भरलेली पोती टाकल्यासारखा आवाज आला. बोगद्याच्या तोंडातून धुळीचा लोट बाहेर पडला आणि मांडव, खुर्च्या, हार, सगळं तांबडं करून गेला. आतलं छत बारा मीटर लांब खचलं होतं. खाली फक्त यंत्र होतं.

तुकारामाचा जावई जमिनीवर बसला आणि त्याला उलटी झाली. संदेश धुळीत उभा होता. हेमांगी त्याच्याकडे जाऊ लागली, तर त्याने नुसता हात वर केला, येऊ नको म्हणून, आणि तो गावाकडे चालू लागला.

गावाने तिचे आभार मानले नाहीत. दोषही दिला नाही. नाईकनवऱ्यांनी अहवालात तिचा दुसरा कागद जोडला, आणि पुढच्या खोदाईआधी टेकडीच्या दोन्ही अंगांचे प्राणी ताडून पाहण्याची शिफारस केली. ती वरपर्यंत मान्य झाली. पालखण सोडून बोगदा बावखणखालून न्यायचं ठरलं, आणि वंशगणना पुन्हा हेमांगीकडे आली.

दिवाळीनंतर एका दुपारी संदेश तिच्या रत्नागिरीच्या कार्यालयात आला. सहा महिन्यांत पहिल्यांदाच. तिने पाणी दिलं. तो खुर्चीच्या कडेवर बसला.

"बावखणचं झालं म्हणतात."

"झालं."

"पोकळ हाय?"

"नाही. भरीव आहे. तीन कपारींतले प्राणी घेतले, तिन्हीकडचे वेगळे. एकमेकांत कधी मिसळलेच नाहीत. मधे वाट नाहीच."

संदेशचा चेहरा उजळला, आणि तिच्याकडे पाहता पाहता विझला. "वेगळे, म्हणजे..."

"तीन वंश. एकेका कपारीपुरते, जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. कायद्याने तिथे हात लावता येत नाही."

तो हसला, पण ते हसू चांगलं नव्हतं. "म्हंजी जिथं टेकडी फसवते तिथं परवानगी, आणि जिथं धड हाय तिथं बंदी."

"एक रस्ता आहे. प्राणी वरच्या चाळीस मीटरातच असतात. खालून काळ्या कातळातून न्यायचा. बोगदा लांबेल, अडीच किलोमीटर. पण कातळ पक्का आहे. मी नाईकनवरे साहेबांशी बोलले. होईल म्हणाले."

"किती वर्षं?"

"चार."

संदेश खिडकीबाहेर पाहत राहिला. टेबलावर भिंगाखाली बावखणची एक मादी होती. हेमांगी म्हणाली, "बघायची आहे? इतकं झालं, पण तू अजून पाहिलीच नाहीस."

"नको." त्याने मान हलवली. "बावीस माणसं वाचली, ते मला कळतं. पण मला ती बघायची नाय."

तिने भिंग बाजूला सरकवलं.

"तू खोटं लिहू शकतेस का?" त्याने विचारलं. "ह्या वेळी आमच्या बाजूनं?"

"लिहू शकते. लिहिणार नाही."

"म्हाईत हाय." तो उठला, सदरा झटकला. "लिही. चार तर चार. पण हे गावाला मी नाय सांगणार. माझ्यानं होणार नाय. तू यायचं, देवळासमोर उभं राहायचं, आणि तू सांगायचं. शिव्या बसतील."

"बसू देत."

"मी बाजूला उभा राहीन," संदेश म्हणाला. "बोलणार नाय. उभा राहीन."

हेमांगीने कागद भरला, सही केली, आणि तो घडी न घालता पिशवीत ठेवला. तीन वाजताची गाडी होती. दोघं बहीणभाऊ स्टँडकडे चालू लागले.